बांधीवरचा मूक राखणदार : सूर्यशक्तीवर चालणारा कॅमेरा

गोंदिया जिल्हा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून तो वेगळा झाला. परंतु येथील बोड्या, बांध्या आणि माजी मालगुजारी तलाव त्याहून कितीतरी जुने आहेत. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी पाण्याचा उतार नुसत्या डोळ्यांनी हेरून हे तलाव बांधले, आणि त्या पाण्यावर पिढ्यान् पिढ्या धान पिकत आले. ह्याच ओल्या भूमीवर सारस हा पक्षी आजही टिकून आहे. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सर्वांत उंच असा हा क्रौंचकुळातील पक्षी. ताठ मानेने उभा राहिला म्हणजे माणसाच्या खांद्याला सहज लागतो. महाराष्ट्रात त्याचे मुख्य वास्तव्य आता गोंदिया व लगतच्या भंडारा जिल्ह्यातच उरले असून त्यांची संख्या काही दशकांतच मोजावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली ह्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली, ही गोष्ट वाचकांच्या स्मरणात असेलच.

सारसाची अडचण अशी, की तो जंगलात घरटे करीत नाही. मृगाच्या सरी पडून गेल्या, रोवणी आटोपली, की सारसाची जोडी एखाद्या शेतकऱ्याच्या बांधीतच पाणवनस्पती व धानाच्या काड्या ओढून आणते आणि गुडघाभर पाण्यात मोठा ढीग रचून त्यावर बहुधा दोन अंडी घालते. नर आणि मादी दोघेही पाळीपाळीने, सुमारे महिनाभर, ती उबवितात. ह्या महिनाभरात कुत्री, कावळे, अंडी उचलून नेणारी माणसे आणि केवळ कुतूहलापोटी जवळ जाणारे हौशी छायाचित्रकार, ह्या सर्वांपासून घरट्यास धोका असतो. वनविभागाचा कर्मचारी अथवा पक्षिमित्र दिवसभर धुऱ्यावर बसू शकत नाही. आणि बसलाच, तर त्याच्या बसण्यानेच पक्षी बिचकतो. अशा वेळी दूरवरून पाहणारा, न हलणारा, न बोलणारा राखणदार असावा अशी कल्पना सुचणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखात अशाच एका साधनाची, म्हणजे सूर्यशक्तीवर चालणाऱ्या व छायाचित्रे दूर पाठविणाऱ्या कॅमेऱ्याची, माहिती देण्याचे योजिले आहे.

विजेची तार नको, ती का?

कॅमेरा म्हटला की वीज आली, आणि वीज म्हटली की खांब व तारा आल्या. सारसाच्या बाबतीत नेमकी हीच गोष्ट घातक ठरते. त्याच्या पसरलेल्या पंखांचा विस्तार दोन मीटरांहून अधिक असतो. शेतांवरून गेलेल्या वाहिनीच्या दोन तारांना ते पंख एकाच वेळी टेकले, की पक्षी जागीच मरतो. धुक्याच्या सकाळी तारा दिसत नाहीत म्हणून त्यांवर आदळूनही सारस मेले आहेत. सारसांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांमध्ये विजेच्या तारांची गणना होते. तेव्हा सारस राखण्यासाठी घरट्याजवळ कॅमेरा न्यावा आणि त्या कॅमेऱ्यासाठी घरट्यावरून तार ओढावी, हा प्रकार म्हणजे राखणदाराबरोबर वैऱ्यालाही घरी आणण्यासारखा होय. एका खांबावर पॅनेल, बॅटरी व कॅमेरा बसवून तेथल्या तेथे वीज तयार करणे हाच त्यावर उपाय आहे. सौर कृषिपंपांमुळे हे पॅनेल आता शेतकऱ्याला नवे राहिलेले नाही. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ ही योजना २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून तर ते बांधाबांधांवर दिसू लागले आहे.

कॅमेऱ्याचे दोन प्रकार

वनांमध्ये कॅमेरे लावण्याची पद्धत आपल्याकडे रूढ झाली आहे. समोरून उष्ण देहाचा प्राणी गेला की आपोआप छायाचित्र घेणारा कॅमेरा झाडाला बांधून ठेवतात आणि काही दिवसांनी त्यातील कार्ड काढून आणतात. २०१८ सालच्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत असे कॅमेरे २६,८३८ ठिकाणी लावण्यात आले आणि त्यांनी सुमारे साडेतीन कोटी छायाचित्रे टिपली. त्यांपैकी वाघांची होती ७६,६५१. गणनेसाठी ही पद्धत उत्तमच. परंतु घरट्यावर कुत्रे आले हे आठ दिवसांनी कार्ड काढल्यावर समजून उपयोग काय? राखणीसाठी चित्र त्याच घटकेस आपल्यापर्यंत पोहोचावे लागते. ह्या दुसऱ्या प्रकारास जगभर ‘वेबकॅम’ असे म्हणतात.

वेबकॅमची जन्मकथा मोठी गमतीची आहे. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीचे एक भांडे होते. जिने चढून जावे आणि भांडे रिकामे आढळावे, ह्याला कंटाळलेल्या संशोधकांनी १९९१ साली त्या भांड्यासमोर एक कॅमेरा लावला व त्याचे चित्र आपापल्या मेजावरील संगणकावर आणले. पुढे १९९३ मध्ये ते चित्र इंटरनेटवरून साऱ्या जगाला दिसू लागले, आणि २००१ मध्ये कॅमेरा बंद झाला. कॉफीसाठी निघालेली ही युक्ती पक्ष्यांच्या कामी येण्यास वेळ लागला नाही. अमेरिकेच्या आयोवा राज्यात डेकोरा येथील गरुडांचे घरटे २०११ साली लाखो लोकांनी घरबसल्या पाहिले. आपल्याकडे पेंच व्याघ्र प्रकल्पात २०२४ मध्ये वणव्याचा धूर ओळखणारी कॅमेरा-यंत्रणा बसविण्यात आली.

संचाचा मेंदू

ह्या संचाच्या मध्यभागी एक छोटा संगणक असतो. त्यास पडदा नाही, कळफलक नाही, पेटी नाही. हाताच्या दोन बोटांएवढी एक हिरवी पाटी, तिलाच बोर्ड म्हणतात. ‘रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू’ हा असा एक बोर्ड २०२१ मध्ये १५ डॉलर किमतीस बाजारात आला. (तो तयार करणारी संस्थाही केंब्रिजचीच आहे. त्या गावाने कॉफीचे ऋण चांगले फेडले म्हणायचे!) बोर्डावर ‘लिनक्स’ ही कार्यप्रणाली चालते. फिनलंडमधील एक विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स ह्याने १९९१ साली तिचा गाभा लिहिला व तो सर्वांना मुक्त केला. ती विकत घ्यावी लागत नाही, अनावश्यक भाग काढून तिला हलकी करता येते आणि कोणीही तिच्यात आपल्या गरजेचा बदल करू शकतो. आपल्या कामास दोनच गोष्टी हव्यात : चित्र काढणे आणि ते पाठविणे. बाकी सारे बंद ठेवले की वीज वाचते.

येथे प्रस्तुत लेखकाने एक कबुली देणे उचित होईल. लेखक कलाशाखेचा पदवीधर असून वॅट आणि व्होल्ट ह्यांतील फरक त्याला चाळिशी उलटल्यावर समजला. तोही एका फजितीनंतर. घराच्या गच्चीवर प्रयोग म्हणून हा संच मांडला तो श्रावणात. १० वॅटचे पॅनेल, १२.८ व्होल्ट ६ अँपियर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, बोर्ड, कॅमेरा आणि सिमकार्डाचे डोंगल. पहिल्या दिवशी छायाचित्रे सुरेख आली. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर यंत्र मुके झाले. आभाळ भरलेले होते, तरी पॅनेलवर उजेड होता. मग बिघडले काय? एका अभियंता स्नेह्याने कागद मागविला आणि पाच मिनिटांत हिशेब मांडून दाखविला. तो हिशेब हाच ह्या विषयाचा खरा गाभा असल्याने येथे सविस्तर देत आहे.

विजेचा जमाखर्च

बोर्ड, कॅमेरा व डोंगल मिळून सरासरी ३ वॅट वीज घेतात असे धरू. संच चोवीस तास चालू ठेवला तर दिवसाचा खर्च झाला ७२ वॅट-तास. आता जमेची बाजू. पॅनेलवर १० वॅट लिहिलेले असले तरी ती वीज स्वच्छ, प्रखर उन्हातच मिळते. पावसाळ्यातील ढगाळ दिवसाचा सारा उजेड एकत्र केला तर तो जेमतेम अडीच तासांच्या प्रखर उन्हाएवढा भरतो. म्हणजे २५ वॅट-तास. त्यातून धूळ, तारा, चार्जिंग व उष्णता ह्यांत सुमारे एकतृतीयांश वाया जाते. हाती उरतात सोळा. संततधार लागली तर तेही नाहीत. बॅटरीची पूर्ण साठवण ७७ वॅट-तास. सोळा यावेत आणि बहात्तर जावेत, अशा संसाराचे जे व्हायचे तेच झाले.

ह्यावर एक मार्ग म्हणजे पॅनेल व बॅटरी वाढविणे. ४० ते ५० वॅटचे पॅनेल आणि किमान २० अँपियर-तासांची बॅटरी घेतली तर संच अखंड चालू शकेल. परंतु मग खांब जाड हवा, पाया हवा, आणि चोरांचे लक्षही आधी तिकडेच जाते. दुसरा मार्ग स्नेह्याने सुचविला तो अधिक शहाणपणाचा : यंत्राला झोपू द्यावे. अंडी उबविणारा पक्षी तासन् तास एकाच जागी बसतो. त्याचे क्षणाक्षणाचे चित्र घेऊन करावयाचे काय? सकाळी सहा ते सायंकाळी सात ह्या तेरा तासांत दर पंधरा मिनिटांनी एक, म्हणजे ५२ छायाचित्रे पुरे आहेत. दर वेळी बोर्ड जागा होण्यास अर्धा मिनिट, सिमकार्डाला जाळे सापडण्यास आणखी तेवढाच वेळ आणि उरलेल्या वेळात चित्र पाठवून पुन्हा बंद होणे, असे दोन मिनिटे धरली तर दिवसभरात संच अवघा पावणेदोन तास चालतो. खर्च ५ वॅट-तासांच्या थोडा वर. गळती धरून आठ. तेच १० वॅटचे पॅनेल आता ढगाळ दिवशीही दुप्पट कमाई करते, आणि सूर्यदर्शन मुळीच झाले नाही तरी तीच बॅटरी आठवडाभर पुरते.

येथे एक बारकावा आहे. बोर्डाला नुसते ‘बंद हो’ म्हटल्याने तो विजेपासून पूर्णपणे सुटत नाही. थोडी वीज खातच राहतो, आणि स्वतःहून पुन्हा जागाही होत नाही. त्यासाठी बॅटरी व बोर्ड ह्यांच्यामध्ये घड्याळ असलेले एक छोटे परिपथ बसवावे लागते. ते ठरल्या वेळी पुरवठा जोडते व काम संपताच तोडते. ह्या घड्याळाची स्वतःची नाण्याएवढी बॅटरी असते, त्यामुळे मुख्य बॅटरी उतरून गेली तरी वेळ चुकत नाही. ऊन पडताच संच आपला आपण कामाला लागतो. बॅटरीचा दाब मोजणारी एक लहान चिपही जोडावी आणि तो आकडा प्रत्येक छायाचित्राच्या कोपऱ्यात छापून यावा अशी व्यवस्था करावी. दाब दिवसेंदिवस उतरताना दिसला की पॅनेलवर बगळ्याची विष्ठा पडली असावी, असे घरबसल्या ओळखता येते. आमच्या गच्चीवर ती कबुतराची होती.

चित्रांऐवजी सलग चलत्‌चित्र पाठवावे असा मोह पुष्कळांना होतो. एका छायाचित्राचे आकारमान सुमारे ५०० किलोबाइट, म्हणजे दिवसाचे २६ मेगाबाइट. तेच साधे चलत्‌चित्र ताशी ४५० मेगाबाइटप्रमाणे तेरा तासांत सहा गिगाबाइटच्या घरात जाते. अर्जुनी मोरगाव किंवा देवरीकडच्या ज्या गावांत फोनवर बोलण्यासाठी बांधावर चढावे लागते, तेथे हा भार जाळ्याला पेलणार नाही. प्रत्येक चित्र आधी कार्डावर साठवावे आणि जाळे मिळेल तेव्हा उरलेली पाठवावीत, अशी सूचना कार्यक्रमात असली म्हणजे एखादा दिवस जाळे गेल्याने नुकसान होत नाही. मात्र लिनक्स ज्या कार्डावर असते त्याचा मूळ भाग केवळ वाचनीय ठेवावा. लिहिण्याच्या मध्येच वीज गेली तर कार्डावरील माहिती बिघडते आणि मग चिखल तुडवीत खांबापर्यंत जाण्यावाचून गत्यंतर नसते.

अंतर, उंची व कल

घरट्यापासून खांब किती दूर असावा? पन्नास मीटरांपेक्षा जवळ नेऊ नये असे आमचे मत आहे. परंतु बोर्डाबरोबर मिळणारा साधा कॅमेरा पन्नास मीटरांवर जवळजवळ पासष्ट मीटर रुंदीचा देखावा टिपतो. १९२० बिंदूंच्या चित्रात दीड मीटरचा सारस त्यामुळे अवघ्या पंचेचाळीस बिंदूंचा होतो. पक्षी आहे एवढेच कळते, त्याच्या पोटाखाली अंडी आहेत की पिल्लू ते कळत नाही. ह्याकरिता भिंग बदलता येणारा कॅमेरा घेऊन त्यास १६ मिलिमीटरचे भिंग लावावे. देखावा वीस मीटरांवर येतो आणि सारस दीडशे बिंदूंचा होतो. मान वळविली, चोचीने अंडी फिरविली, हे सारे दिसू लागते.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून त्या ठिकाणच्या अक्षांशाइतके तिरपे ठेवावे असा नियम सांगतात. गोंदियाचा अक्षांश साडेएकवीस अंशांच्या जवळपास आहे. वर्षभराच्या कामास तो नियम ठीक. पण आपले काम पावसाळ्याचे. जुलैच्या मध्यास येथे मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आणि ढगांतून येणारा उजेड तर साऱ्या आकाशातून उतरतो. म्हणून कल दहा-पंधरा अंशच ठेवावा. तेवढ्या उतारावर पावसाचे पाणी धूळही धुऊन नेते. अगदी सपाट मात्र ठेवू नये.

पेटी पांढरी असावी व पॅनेलच्या सावलीत यावी, कारण उघडिपीच्या दिवशी बंद पेटीतील तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी वाढते आणि बॅटरीचे आयुष्य उन्हानेच घटते. तारा पेटीत खालच्या बाजूने घ्याव्यात व शिरण्यापूर्वी त्यांना खाली झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी तेथेच ठिबकते. आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या नाहीत तर पहाटे काचेवर आतून दव धरते. आणि मुंग्या! ज्या छिद्रातून पाणी शिरत नाही त्यातून मुंगी शिरते. प्रत्येक छिद्र रबरी बुचाने बंद करावे. खांब माणसाच्या उंचीपेक्षा फार वाढवू नये. उघड्या बांधीत वीज पडण्याचे भय पूर्व विदर्भाला नवीन नाही, आणि ताणाच्या तारा तर मुळीच लावू नयेत. त्यांत पक्ष्याचे पाय अडकतात.

परवानगी आणि विश्वास

सारस हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित पक्षी आहे. घरट्याच्या आसपास असे कोणतेही साधन वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय उभे करता येणार नाही आणि करू नये. दुसरी संमती बांधीच्या मालकाची. आपल्या धानात घरटे झाल्यास पीक तुडविले जाते, लोक पाहावयास येतात आणि धुरे मोडतात, ही शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही. कॅमेऱ्यामुळे पाहुण्यांची वर्दळ कमी होणार आहे, हे त्याला प्रथम समजावून सांगितले पाहिजे. आणि पहिले चित्र त्याच्याच फोनवर गेले पाहिजे. पक्षी त्याच्या शेतात आला आहे, अधिकाऱ्याच्या कचेरीत नव्हे.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. बांधीत रोवणीला व निंदणीला बहुतांशी स्त्रिया असतात. कमरेपर्यंत पदर खोचून, चिखलात वाकून त्या दिवसभर राबतात. त्यांच्या नकळत त्यांची छायाचित्रे कोणाच्या तरी फोनवर जाणे ही गोष्ट सारसाच्या रक्षणाच्या नावाखालीही क्षम्य नाही. उत्तराखंडातील कॉर्बेट परिसरात वन्यप्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांमुळे सरपण आणावयास जाणाऱ्या स्त्रियांना कसा जाच झाला, हे केंब्रिज विद्यापीठातील एका अभ्यासाने २०२४ साली दाखवून दिले. म्हणून कॅमेऱ्याची दिशा घरट्यापुरतीच असावी, चित्राचा उरलेला भाग पाठविण्यापूर्वीच कार्यक्रमाने काळा करावा, आणि खांबावर मराठीत ठळक फलक असावा. लिनक्सवर हे काळे करण्याचे काम दोन-चार ओळींचे आहे. करावयाचे मनात असले पाहिजे, इतकेच.

ही चित्रे सर्वांसाठी खुली करावीत काय? डेकोराच्या गरुडाचे घरटे उंच झाडावर होते. सारसाचे घरटे हात पोहोचेल अशा जागी असते. त्याचे स्थळ जाहीर होणे म्हणजे अंडीचोराला पत्ता देणे होय. तेव्हा पिल्ले अंड्याबाहेर येऊन बांधी सोडीपर्यंत चित्रे वनरक्षक, शेतकरी आणि नेमलेले पक्षिमित्र ह्यांच्यापुरतीच ठेवावीत. शाळांतील मुलांना ती नंतर दाखवावीत, गावाचे नाव न घालता.

खांब उभा करण्याचा काळ ज्येष्ठाचा, बांधी कोरडी असताना. सारसाची जोडी आपला प्रदेश सहसा सोडत नाही व बहुधा त्याच परिसरात पुन्हा घरटे करते, त्यामुळे जागेचा अंदाज आधी बांधता येतो. घरटे झाल्यावर खांब रोवावयास गेल्यास जोडी अंडी टाकून जाण्याची भीती असते. परसवाडा व झिलमिली परिसरातील तलावांकाठी सारस पाहावयास जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. पिल्लांना उडता येण्यास सुमारे तीन महिने लागतात, म्हणजे कार्तिकात धान कापणीला येईतो संचाचे काम संपते. मग खांब उपटून घ्यावा, बॅटरी अर्धी भरलेल्या स्थितीत सावलीत ठेवावी, आणि फाल्गुनात तोच संच एखाद्या टेकडीवरील वनविभागाच्या मचाणावर वणव्याच्या धुराकडे तोंड करून बांधावा. त्या वेळी पॅनेलचा कल वीस अंश करावयास मात्र विसरू नये.